‘काही नाही होत गं’ ऐकून तिला धीर का येत नव्हता?

मणक्याचं मोठं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसांच्या घरून एक प्रश्न मला समुपदेशक म्हणून सतत ऐकायला मिळतो. “ऑपरेशन छान झालंय, एक्स-रे चांगला आहे, डॉक्टर खूश आहेत. मग हिला सारखी भीती का वाटते?” कण्याचा बाक सरळ करायला पूर्वी एकदा धातूचे रॉड बसवलेले असतील आणि काही वर्षांनी ते काढून पुन्हा सगळं करावं लागलं असेल, तर हा प्रश्न हमखास येतो. एकदा ‘आता आयुष्यभराची काळजी मिटली’ असं ऐकून फसगत झालेली असते. दुसऱ्यांदा तेच वाक्य कानावर पडतं तेव्हा ते गोड लागत नाही.

मेघनाचं (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) उदाहरण सांगते. वय ३३, नाशिकची, बँकेत नोकरी, पाच वर्षांची मुलगी. स्कोलिओसिससाठी, म्हणजे कणा बाजूला वाकत जाण्याच्या विकारासाठी, पंधराव्या वर्षी पहिलं ऑपरेशन झालेलं. वाढत्या वयात बाक साधारण ४५-५० अंशांच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो, तिचा त्याहून बराच जास्त होता. महिन्या-दीड महिन्यात ती शाळेत जायला लागली आणि पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, बाळंतपण सगळं झालं. मग रॉड तुटल्याचं कळलं. दुसरं ऑपरेशन मुंबईत झालं, आणि महिनाभरानं तिच्या नवऱ्यानं मला फोन केला. तिला गाडीत फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून सुरुवातीला आम्ही व्हिडिओ कॉलवरच बोलायचो. ती पलंगावर उशांना टेकून, मोबाइल मांडीवरच्या पाटावर.

पहिल्याच दिवशी तिनं मला फोनमधली गॅलरी दाखवली. स्वतःच्या पाठीचे फोटो, शेकड्यानं. रोज सकाळ-संध्याकाळ नवऱ्यानं काढलेले, बेडरूमच्या त्याच दारापुढे, त्याच ट्यूबलाइटखाली. कालचा आणि आजचा शेजारी ठेवून ती खांद्यांची पातळी बघायची. कुशीवर वळताना पाठीत ‘टक’ झालं की श्वास रोखून विचारायची, “तुषार, तुटला का रे?” तो म्हणायचा, “काही नाही झालं गं.” पाच मिनिटं बरं वाटायचं. मग पुन्हा तेच.

चालायला सांगितलं होतं, ती चालत नव्हती. तिच्या मते पडून राहणं सुरक्षित होतं. पहिल्या ऑपरेशनशी तुलना तर क्षणोक्षणी. “तेव्हा मी एवढ्यात शाळेत जात होते, मॅडम.” तिला मी म्हटलं, की पंधरा वर्षांच्या मुलीचं कोवळं हाड आणि तेहेतीस वर्षांच्या आईचं हाड एका मापानं मोजू नकोस. शिवाय ही दोन ऑपरेशनं एकाच नावाची असली तरी एकाच जातीची नाहीत. दुसऱ्या वेळी आधीचे व्रण असतात, जुने स्क्रू काढायचे असतात, कधी एकजीव झालेलं हाड पाचरीसारखं कापून कंबरेची नैसर्गिक खोलगट कमान परत आणावी लागते. टेबलावरचे तास वाढतात, रक्त जास्त जातं. मग थकवाही त्या हिशोबानं येणार. हे तिला पटलं. भीती मात्र होती तिथेच राहिली.

मी ज्या मुशीत घडले ती विवेकनिष्ठ मानसोपचाराची, म्हणजे भावनेमागचा विचार तपासून बघण्याची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी घरांत पोचली. या वाटेनं जाणारा समुपदेशक धीर द्यायची घाई करत नाही. समोरचा माणूस नेमकं काय मागतोय ते तो आधी पाहतो. मेघना मागत होती खात्री, आणि तीही रोज ताजी. ती मी देणार नव्हते, कारण ती माझ्याकडे नव्हती, तिच्या सर्जनकडेही नव्हती. म्हणून एका दुपारी मी तिला उलट्या बाजूनं विचारलं.

“समजा, आत्ता कळलं की रॉड तुटलाय. पुढे काय?”

ती चिडेल असं वाटलं होतं. ती विचारात पडली.

“पुढे… परत ऑपरेशन. करीन की. दोनदा केलंय.”

“मग तुटण्याची भीती आहे ती कशाची?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग एकदम बांध फुटला. “मॅडम, गेल्या वेळी तो तुटला तेव्हा मला कुठे कळलं होतं? सव्वा वर्ष दुखत होतं. आई म्हणाली, बाळंतपणात नीट शेकलं नाहीस. ऑफिसात म्हणाले, खुर्ची बदल. एका डॉक्टरांनी टेन्शनची गोळी दिली. आणि येणारी प्रत्येक बाई म्हणायची, सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं ना, त्याचं आहे ते. अहो, मला पाठीत इंजेक्शन दिलंच नव्हतं! पाठ आधीच जोडलेली, सुई जाणार कुठून? पूर्ण भूल दिली होती मला. पण ऐकायला कोण तयार होतं? सगळे म्हणत होते, काही नाही झालं. आणि शेवटी उभं राहून पूर्ण पाठीचा एक्स-रे काढला, तर आत दोन तुकडे.”

या ठिकाणी मी थांबले आणि तिलाही थांबवलं. इतके दिवस घरचे सगळे समजत होते की मेघना रॉडला घाबरते. मेघना घाबरत होती ती ‘काही नाही झालं’ या वाक्याला. तिच्या अनुभवात ते वाक्य खोटं ठरलं होतं, तेही एकदा नाही, सव्वा वर्ष रोज. आणि आता तिचा जिवलग माणूस दिवसातून वीस वेळा, प्रेमानं, नेमकं तेच वाक्य तिला ऐकवत होता. तुषारचं काही चुकत नव्हतं. पण प्रत्येक वेळी तिच्या मनात घंटा वाजत होती, की पुन्हा कुणी माझं ऐकत नाहीये, मलाच पहारा दिला पाहिजे. फोटो म्हणजे तो पहारा होता.

मी तिला म्हटलं, “गेल्या वेळी तुझं शरीर बरोबर सांगत होतं. तू बरोबर होतीस.”

ती रडली. मग म्हणाली, “हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.”

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला हे पुनःपुन्हा दिसलंय, की जुन्या अनुभवातून आलेल्या भीतीला ‘अविवेकी’ म्हणून झटकून चालत नाही. आधी तिच्यातलं खरं ते मान्य करायचं, म्हणजे त्यावर चढलेला अतिरेक सुटा होऊन दिसतो. खरं हे, की तिच्या दुखण्याकडे दुर्लक्ष झालं. अतिरेक हा, की म्हणून आता प्रत्येक आवाज म्हणजे तुटणं आणि चोवीस तास डोळे उघडे ठेवले तरच आपण सुरक्षित.

त्यानंतर माहितीनं काम केलं, जे आधी करत नव्हतं. रॉड तुटतो कसा, ते तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. रॉड आणि स्क्रू फक्त तात्पुरता टेकू देतात. खरं काम हाडाचं. दोन मणक्यांमधलं हाड एकजीव व्हायला सहा महिने ते वर्ष, मोठ्या माणसांत कधी त्याहून जास्त लागतं. हाड एखाद्या जागी जुळलंच नाही, तर तिथे सूक्ष्म हालचाल चालू राहते आणि तार पुनःपुन्हा वाकवल्यावर तुटते तसा धातू महिनोन् महिने थकून तुटतो. म्हणजे रात्री झोपेत कुशीवर वळलं म्हणून सहसा तो तुटत नाही. आणि पडून राहण्यानं हाड लवकर जुळत नाही. उलट पोटऱ्यांत रक्ताच्या गाठी, छातीत कफ आणि बद्धकोष्ठता मात्र होते. हाडाच्या जुळण्याला खरा उपद्रव तंबाखूचा, मिश्रीसुद्धा त्यात आली. आणि घरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बरेच सर्जन सुरुवातीचे काही महिने टाळायला सांगतात, तेव्हा विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

पुढच्या तपासणीला जाताना मी तिला सर्जनकडून एक कागद लिहून आणायला सांगितला. त्याचे दोन भाग. पहिला, ताबडतोब फोन किंवा थेट हॉस्पिटल: ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पायात नव्यानं आलेला अशक्तपणा, जांघेत बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, एकच पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, आणि आवाजाबरोबर अचानक वाढलेली, न थांबणारी वेदना किंवा उभं राहण्याची ढब बदलणं. दुसरा, वहीत लिहायचं आणि तपासणीला सांगायचं: नुसता ‘टक’, जखमेभोवती बधिरपणा, मुंग्या, संध्याकाळी वाढणारी ठणक, सकाळचा ताठरपणा. सर्जननी तो कागद पाच मिनिटांत लिहून दिला. पुढे त्यांनी मला कळवलं, की हा कागद ते आता इतर पेशंटनाही देतात. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तुषारला मी एकच पथ्य दिलं. ‘काही नाही झालं’ हे वाक्य बंद. तिनं विचारलं की म्हणायचं, “कागदावर कुठल्या भागात बसतं?” पहिल्या भागात असेल तर आत्ता फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. दुसऱ्यात असेल तर वही. त्याला आधी हे कोरडं वाटलं. पण मेघनाला त्यात ऐकलं गेल्याचा भाव मिळाला, कारण वहीतली प्रत्येक ओळ डॉक्टरपर्यंत जाणार होती. फोटो आम्ही एकदम बंद केले नाहीत. आधी रोज एक, मग रविवारी एक. नंतर तुषारच रविवारी विसरायला लागला आणि तिनंही आठवण केली नाही.

आता थोडं घरच्यांसाठी, कारण समुपदेशक बोलून जातो आणि घर त्यांना चालवायचं असतं.

वाकायचं नाही, उचलायचं नाही, अंग पिळायचं नाही, हे तिन्ही नियम आपल्या घरात पाळणं किती अवघड आहे ते स्वयंपाकघरात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कुकर खालच्या कप्प्यात, डाळींचे डबे वरच्या फळीवर, केरसुणी जमिनीवर. रोजची भांडी ओट्यावर कंबरेच्या उंचीला आणून ठेवा. खाली पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा मिळतो, तो पलंगाशी लटकवा. भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची, पाश्चात्त्य असेल तरी त्यावर उंची वाढवणारी सीट. पलंगावरून उठताना आधी खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर, मग पाय खाली सोडत हातानं रेटा देऊन बसायचं. फरशी पुसल्यावर वाळेपर्यंत तिनं पलंगावरून उतरायचं नाही, हा नियम मेघनाच्या सासूबाईंनी स्वतः काढला आणि तो मला फार आवडला.

सासूबाईंवरून आठवलं. आंघोळ त्या घालत होत्या आणि मेघनाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ‘मी ओझं झाले’ हा विचार इथून सुरू झाला होता. मी त्यावर लांबण लावली नाही. दोन महिन्यांसाठी सकाळी तासभर येणारी एक मावशी शोधायला सांगितली. काही प्रश्न मनाचे नसतात, मावशींचे असतात. सासूबाई मग निवांत तिच्याजवळ बसून चहा प्यायला लागल्या.

लेकीला उचलता येत नाही, हे दुःख मोठं होतं. वीस किलोची जुई कडेवर घेणं वर्षभर तरी शक्य नव्हतं. मेघनानं तिला सांगितलं होतं, “मम्माला बाऊ झालाय.” जुई त्यामुळे जवळ यायलाच घाबरायची. मी म्हटलं, खरं सांग. पाठीत नवे रॉड आहेत, हाड जुळतंय, तोवर मम्मा उचलणार नाही पण तू पलंगावर चढून डाव्या बाजूला झोपू शकतेस. मुलांना नेमकी जागा सांगितली की ती धीट होतात.

भेटायला येणाऱ्यांचं काय? तेलानं चोळा, अमक्या गावच्या वैद्याकडे न्या, हे ऐकून घ्या आणि चोळू मात्र अजिबात देऊ नका. डिंकाचे लाडू खुशाल खा. त्यानं हाड जुळेल असं मी म्हणणार नाही, पण वेदनेच्या औषधांनी अन्नावरची वासना गेलेली असते, तेव्हा जे खाल्लं जाईल ते चांगलं. पाणी आणि कोशिंबीर त्याहून जास्त.

ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत उदास वाटणं, विनाकारण रडू येणं हे नेहमीचं आहे. रक्त कमी झालेलं असतं, झोप मोडलेली असते, औषधं तीव्र असतात. पण उदासी दोन आठवडे रोज राहिली, कशातच मन लागेनासं झालं, किंवा जगून काय करू असा विचार एकदा जरी बोलून दाखवला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं.

मेघनाचा सहा महिन्यांचा एक्स-रे झालाय. हाड जुळतंय असं दिसतं, पक्कं वर्षाच्या आसपास कळेल. ती बँकेत अर्धा दिवस जाते, दर पाऊण तासानं खुर्चीवरून उठते. तिसरं ऑपरेशन कधीच लागणार नाही ना, असं तिनं मला मध्यंतरी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, “माहीत नाही.” ती हसून म्हणाली, “बरं झालं, ‘नाही लागणार’ असं म्हणाला नाहीत.”

तुमच्या घरी असं कुणी असेल तर पुढच्या तपासणीला जाताना दोन भागांचा तो कागद मागून घ्या. डॉक्टर घाईत असतील तर घरूनच लिहून न्या आणि त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा तेही त्याच कागदावर लिहून घ्यायला विसरू नका, बहुतेक फायलींत फक्त ओपीडीचाच नंबर असतो.