उत्तर: केस लागेपर्यंत लग्न आणि धंदा दोन्ही थांबवू का?

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मिस्टरांनाही वाचून दाखवली. ताबारेषेजवळ गस्तीवर असताना माइनवर, म्हणजे सुरुंगावर पाय पडला, गुडघ्याखाली कापावा लागला, बोर्ड आउट होऊन (मेडिकल बोर्डाने नोकरीला अपात्र ठरवल्यावर) गावी आलात आणि पेन्शनच्या कागदावर कारण आलं ‘ड्युटीवरचा अपघात’. गावात पिठाची गिरणी आणि मिरची कांडप टाकायचं मनात आहे. एक मुलगी लग्नाला तयार आहे, तिचे वडील तयार नाहीत. तुम्ही ठरवलंय की आधी पेन्शनच्या दुरुस्तीची केस लागू दे, थकबाकी हातात येऊ दे, मग गिरणी, मग लग्न. आणि शेवटी विचारलंय, ‘बरोबर करतोय ना?’

मला वाटतं, चूक करताय. रागावू नका. आमच्या घरात हेच सगळं याच क्रमाने होऊन गेलंय, म्हणून एवढं स्पष्ट लिहितेय. मी वकील नाही, सरकारी नोकरीतही नाही. एका सॅपरची, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातल्या जवानाची बायको आहे आणि त्याच्या फायली मी सांभाळल्यात. नियम बदलत असतात, सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम लागू झालेत, तेव्हा तुमची बोर्ड आउटची तारीख धरून जाणत्या वकिलाकडून खात्री करून घ्या. पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), पेन्शनच्या स्पर्श पोर्टलचं लॉगिन हे तुम्हाला ठाऊक असणार, त्यात मी जात नाही.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. सीमेवर मैलोन् मैल सुरुंग पेरले गेले. २००२ च्या सुरुवातीला राजस्थानात सुरुंग पेरतानाच मिस्टरांच्या पायाशी स्फोट झाला. डावा पाय गेला. पुढे पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये नवा पाय बसला आणि ते बोर्ड आउट झाले. पेन्शन सुरू झालं, पण तुमच्यासारखंच, साध्या अपघाताच्या वर्गात.

हा वर्ग नीट समजून घ्या, कारण सगळं इथे अडकतं. संरक्षण मंत्रालयाचं ३१ जानेवारी २००१ चं एक पत्र आहे. त्यात मृत्यू आणि अपंगत्वाच्या कारणांचे ए पासून ई पर्यंत पाच वर्ग केलेत. ड्युटीवरचे साधे अपघात ‘सी’ मध्ये येतात. ‘ई’ मध्ये शत्रूची कारवाई येते, आणि त्याच वर्गात सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेली इजा, तसंच सीमेजवळ किंवा ताबारेषेजवळ आपल्या किंवा शत्रूच्या सुरुंगक्षेत्रातून जाताना झालेला स्फोट, हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘सी’ मध्ये बसलात तर पूर्ण शंभर टक्के अपंगत्वालाही अपंगत्वाचा घटक शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. ‘ई’ मध्ये बसलात तर युद्धजखमी पेन्शन, आणि बोर्ड आउट झालेल्याला तो घटक याच्या कितीतरी पट. पैसा एक बाजूला ठेवा. ज्या माणसाने देशासाठी सुरुंग पेरताना पाय दिला, त्याच्या कागदावर ‘अपघात’ लिहिलेलं बघून त्याला काय वाटतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता ज्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते सांगते. एक कार्यालय होतं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. मिस्टरांनी वर्ग दुरुस्तीचा अर्ज दिला. उत्तर आलं, ‘प्रकरण विचाराधीन आहे.’ स्मरणपत्र दिलं, तेच उत्तर, फक्त तारीख नवी. प्रत्यक्ष गेले की खुर्चीवर बसवायचे, चहा द्यायचे, आणि सांगायचे, ‘कागद वर गेलेत. पण एक लक्षात ठेवा, कोर्टाच्या भानगडीत पडलात तर फाइल जिथल्या तिथे थांबेल.’ हे कोणी लिहून दिलं नाही, तोंडी सांगितलं. फौजी माणूस वरच्याचं ऐकायला शिकलेला असतो. मिस्टर थांबले. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि असंच चालू राहिलं.

त्या तोंडी वाक्याची किंमत अशी. फौजींच्या नोकरी-पेन्शनचे वाद ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा आहे, आणि महाराष्ट्र, गुजरात, गोव्यासाठी मुंबईत खंडपीठ आहे. त्या कायद्यात सोय अशी की तुमच्या अर्जावर सहा महिन्यांत अंतिम निर्णय आला नाही तर तुम्ही थेट न्यायाधिकरणात जाऊ शकता. निर्णयाची वाट बघत बसायचं बंधन नाही. दुसरीकडे, पेन्शनच्या प्रकरणात उशीर झाला म्हणून हक्क जात नाही हे खरं, पण थकबाकी साधारणपणे याचिका दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेमसिंग यांच्या प्रकरणात हे घालून दिलंय. म्हणजे ‘विचाराधीन’ पत्रांच्या नादात जेवढी वर्षं जातील, तेवढी मागच्या बाजूने कापली जातात. आमच्या बाजूने निकाल लागला, वर्ग ‘ई’ झाला, पण अगोदरच्या कितीतरी वर्षांचा फरक कायमचा गेला. चहा पाजणाऱ्या त्या माणसाने सरकारचे पैसे वाचवले की नुसतं स्वतःचं काम टाळलं, मला आजही कळलेलं नाही. राग मात्र गेलेला नाही.

म्हणून तुम्ही आज काय करायचं ते सांगते. माहितीच्या अधिकारात तीन कागद मागवा: इजा अहवाल, चौकशी झाली असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीची कार्यवाही, आणि मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रोसिडिंग. आमच्या युनिटच्या पहिल्या अहवालात ‘सुरुंग पेरताना’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पुढे कुठल्या तरी टेबलावर त्याचं ‘अपघात’ झालं. ती पहिली ओळ हातात असली की अर्धी केस झाली. मग २००१ च्या पत्राचा आणि ‘ई’ वर्गाचा उल्लेख करून एकच अर्ज द्या, स्पीड पोस्टाने, पावती जपून. सहा महिने मोजा. सातव्या महिन्यात वकील. स्मरणपत्रांचा खेळ खेळू नका. आणि ‘कोर्टात गेलात तर फाइल थांबेल’ असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा, हे मला लिहून द्या.

केस एवढ्यावर सोडा. तिला आयुष्याच्या दारात आडवी घालू नका. आमच्या घरी कार्यालयाने पैसे कापले ते कापलेच, पण त्याहून वाईट झालं ते हे.

मी तेव्हा तालुक्याच्या एका पतसंस्थेत होते. मिस्टर खात्यासाठी यायचे, कर्जाची चौकशी करायचे, सगळे कागद क्लिप लावून क्रमाने. मला हा माणूस आवडला तो त्याच्या कागदांच्या टापटिपीमुळे आणि दारातून आत आल्यावर कोणालाही ‘बसून राहा’ म्हणू न देण्यामुळे. मीच आधी बोलले. त्यांचं उत्तर, ‘केस लागली की तुझ्या वडिलांना भेटायला येतो.’ मी हो म्हटलं. मग दरवर्षी तेच. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. आईने बोलणं कमी केलं. मला येणारी स्थळं बंद झाली. भाऊ, तुम्ही थांबता तेव्हा तुमच्याबरोबर एक मुलगीही थांबते, आणि खेड्यात थांबलेल्या मुलीला रोज उत्तरं द्यावी लागतात. तुमच्या पोस्टमध्ये तिचं मत काय, हे एका शब्दाने नाही. तिला विचारलंत का, की तिला थकबाकी येईपर्यंत थांबायचंय?

शेवटी मी त्यांना सांगितलं, या दिवाळीच्या आत माझ्या घरी या, नाहीतर मला मोकळं करा. ते आले. माझे वडील काय म्हणाले असतील? पायाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. विचारलं, ‘उद्या तुम्हाला काही झालं तर माझ्या पोरीला काय? लग्न तर नोकरी सुटल्यावरचं.’ गावात कोणी तरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की डिस्चार्जनंतर केलेल्या बायकोला पेन्शन मिळत नाही. हा गैरसमज आजही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच भगवंती यांच्या प्रकरणात ठरवलंय की निवृत्तीनंतर केलेल्या लग्नातल्या जोडीदारालाही कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क आहे. मिस्टरांनी ते वडिलांना समजावून सांगितलं, शांतपणे, कागद पुढे ठेवून. वडिलांनी दोन दिवस घेतले आणि हो म्हणाले.

तुमच्या सासऱ्यांचीही भीती बहुतेक हीच असेल. त्यांना ‘माझं प्रेम आहे’ असं सांगायला जाऊ नका, ते त्यांना दिसतंच. त्यांना हे सांगा. आणि लग्न झालं की पहिल्या महिन्यात विवाह नोंदणी, जोडफोटो, आणि तिच्या नावाची नोंद सेवा-अभिलेखात व पेन्शनच्या कागदात करून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद पुढे जातात. ईसीएचएस कार्डही लगेच. हे मागे पडलं की पुढे बाईला एकटीला झगडावं लागतं. मी दोन विधवा बहिणींचे असे कागद भरलेत, म्हणून कळकळीने सांगते.

आता धंद्याचं. मिस्टरांनी मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान टाकलं ते केसच्या पैशावर नाही. लग्नानंतर पतसंस्थेचं छोटं कर्ज आणि माझ्या दोन बांगड्या, एवढ्यावर. आमच्याकडे माणदेशात बोअर आणि विहिरीवरच्या मोटरी उन्हाळ्यात जळतातच. त्यांचं कामाचं टेबल उभ्याने कंबरेला येईल असं बनवून घेतलं, कारण पाय लावून मांडी घालून बसता येत नाही आणि बाकी सगळे वाइंडर जमिनीवर बसून काम करतात. बोअरमधून पंप ओढायला चेन-पुली आणि दोन पोरं. मिस्टर स्वतः शेतात फारसे जात नाहीत, ओल्या रानात कृत्रिम पाय रुततो आणि सॉकेटमध्ये, म्हणजे त्याच्या वरच्या खोबणीत माती जाते. पहिल्या दोन वर्षांत लोक यायचे ते दयेने. नंतर यायला लागले कारण त्यांनी भरलेली मोटर लवकर परत येत नाही.

तुमच्या गिरणीबद्दल मला एक काळजी आहे. गिरणी म्हणजे दिवसभर उभं राहणं. पाय नवा आहे. पहिल्या वर्ष-दीड वर्षात स्टंप (कापल्यावर उरलेला पाय) बारीक होत जातो, सॉकेट सैल होतं, चैत्र-वैशाखात घामाने कातडी सोलते. एक जखम झाली की पाय काढून ठेवावा लागतो आणि गिरणी बंद. तेव्हा पहिल्या दिवसापासून उंच स्टूल, हाताशी स्विच, आणि एक माणूस हाताखाली धरूनच हिशेब मांडा. थ्री-फेज जोडणीचा अर्ज जागा ठरली की लगेच टाका. जागा पक्की करायच्या आधी तिथली वीज किती तास टिकते ते महिनाभर बघा.

पैशासाठी पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला कर्ज-अनुदान देणारी केंद्राची योजना बघा. माजी सैनिक आणि दिव्यांग दोघंही विशेष गटात येतात. स्वतःचा हिस्सा ५ टक्के, ग्रामीण भागात अनुदान ३५ टक्के. पण हे फक्त नव्या उद्योगाला आहे. आधी यंत्र आणून गिरणी चालू केली आणि मग अर्ज केला, तर मिळत नाही. अनुदानही हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, मग कर्जात वळतं होतं. हे बँकेत कोणी आपणहून सांगत नाही. दिव्यांग म्हणून सवलत घ्यायची तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) वेगळं काढा. लष्करी बोर्डाची टक्केवारी नागरी कार्यालयात चालत नाही, जिल्हा रुग्णालयात पुन्हा तपासणी होते आणि ४० टक्क्यांची अट असते.

पेट्रोल पंपाचं आमिष दाखवणारे एजंट येतील. संरक्षण गटासाठी राखीव वाटप आहे हे खरं, पण जाहिरात निघते तेव्हा ती तेल कंपन्या उघडपणे काढतात. ‘तुमचं नाव, माझा पैसा’ म्हणणाऱ्याला घराबाहेरूनच निरोप द्या.

खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये (कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांच्या केंद्रात) मिस्टरांचे मित्र आहेत, तिथे आम्ही जातो. मुरलीकांत पेटकरांची गोष्ट फौजी घरात सगळ्यांना पाठ असते. सांगली जिल्ह्यातला माणूस, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सरकारने दखल घेईपर्यंत ते पाण्याबाहेर उभे राहिले असते तर?

तर भाऊ, अर्ज या आठवड्यात, मुलीशी बोलणं त्याच्याही आधी. अर्जाचा मसुदा झाला की नाव, नंबर, युनिट खोडून इथेच टाका. मिस्टर आणि मी दोघंही वाचून बघू. तिला काही विचारायचं असेल तर तिलाच इथे लिहायला सांगा, मी उत्तर देईन.