अंतर्कर्णातील आयन वाहिन्यांचा अभ्यास सुरू करताना

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्याने जनुकांची नावे पाठ करण्याआधी कर्णशंखातील एंडोलिम्फ हा द्रव नीट समजून घ्यावा, असे मी सुचवीन. चेतापेशींचे नेहमीचे चित्र डोक्यात ठेवून आलेला विद्यार्थी इथेच अडखळतो; तिथे पेशी उद्दीपित होताना सोडियम आत शिरतो, तर रोमपेशीत, म्हणजे ध्वनी टिपणाऱ्या अंतर्कर्णातील पेशीत, प्रामुख्याने पोटॅशियम आत येतो. एंडोलिम्फमध्ये पोटॅशियम भरपूर, सोडियम अत्यल्प आणि विद्युत विभव सुमारे +८० मिलिव्होल्ट असतो. त्यामुळे ध्वनीने रोमपेशीवरील केसांसारख्या रोमकांचा जुडगा झुकून त्यांना जोडणारे सूक्ष्म धागे ताणले गेले, की टीएमसी१ प्रथिनाच्या वाहिन्या (पेशीपटलातून आयनांना जाऊ देणारे मार्ग) उघडतात आणि प्रवाह लगेच सुरू होतो. (त्यासाठीची ऊर्जा स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिसने, म्हणजे कर्णशंखाच्या भिंतीतील ऊतीने, आधीच खर्च केलेली असते.) पुढे कॅल्शियम वाहिन्या उघडून संदेश चेतातंतूकडे जातो, हा भाग तुलनेने सोपा आहे.

केसीएनक्यू१ आणि केसीएनक्यू४ या दोन पोटॅशियम वाहिन्यांची मात्र गल्लत करू नये. पहिली वाहिनी स्ट्रियातून एंडोलिम्फमध्ये पोटॅशियम सोडते, तर दुसरी बाह्य रोमपेशीतून तो बाहेर जाऊ देते. पहिली हृदयातही असल्यामुळे जर्वेल आणि लँगे-नील्सन संलक्षणात जन्मजात बहिरेपणासोबत हृदयतालाचा गंभीर दोष आढळतो, आणि म्हणूनच जन्मजात बहिऱ्या मुलाच्या तपासणीत ईसीजीचा विचार अवश्य करावा.