बायपासपूर्वी कोणती औषधे बंद, कोणती चालू?

प्रश्न : माझ्या ६४ वर्षांच्या आईची बायपास शस्त्रक्रिया दोन आठवड्यांवर आली आहे. तिला मधुमेह, उच्च रक्तदाब आणि संधिवात असून तीन डॉक्टरांची मिळून ११ औषधे चालू आहेत. शस्त्रक्रियेआधी सगळीच बंद करावीत, असे नातेवाईक सांगतात. हे योग्य आहे का?

उत्तर : मुळीच नाही, आणि कृपया हे आजच घरातल्या सर्वांच्या कानावर घाला. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके व रक्तदाब आटोक्यात ठेवणारे औषध) एकाएकी थांबवले, तर हृदयाचे ठोके व रक्तदाब उसळून छातीतले दुखणे बळावू शकते. संधिवातासाठी दीर्घकाळ प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू असेल, तर शरीराची स्वतःचे स्टेरॉइड तयार करण्याची क्षमता मंदावलेली असते. अशा वेळी ती गोळी अचानक बंद केल्यास शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळण्याची भीती असते.

काही औषधे मात्र वेळेवर थांबवावीच लागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल साधारणपणे ५ दिवस आणि प्रासुग्रेल ७ दिवस आधी बंद करतात, तर ॲस्पिरिन बायपासच्या वेळी बहुधा चालूच ठेवतात. त्यामुळे ‘रक्त पातळ करणारी गोळी’ असे मोघम न विचारता प्रत्येकीचे नाव घेऊन विचारा, आणि पूर्वी स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला असेल तर तेही सांगा. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन निदान ३ दिवस आधी थांबवतात, कारण उपाशी राहिल्यावर या औषधांमुळे रक्तात कीटोन आम्ले साचू शकतात आणि तेव्हाही ग्लुकोमीटरवर साखर जवळजवळ नॉर्मल दिसते, हे फार फसवे आहे. ही औषधे अनेकदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतात. म्हणून स्ट्रिपवरील ठळक ब्रँडनावावर न थांबता खालच्या बारीक अक्षरांतले घटक वाचा. इन्सुलिन असल्यास ते स्वतःहून बंद करू नका; त्याचा डोस किती कमी करायचा, हे डॉक्टरच ठरवतील.

या आठवड्यातच सर्व स्ट्रिपा एका पिशवीत घालून शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांच्याकडे न्या. त्यांत अधूनमधून घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, चूर्णे आणि काढेही असावेत. बहुतेक घरांत ते औषधांत मोजलेच जात नाहीत. प्रत्येक औषधापुढे शेवटच्या डोसची तारीख व वेळ डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. थांबवलेले औषध पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे डिस्चार्जच्या दिवशी त्याच यादीवर नोंदवून घ्या आणि तिची एकेक प्रत तिन्ही डॉक्टरांना द्या.