पुणे ते हंपी एका दिवसात गाडीने, सोबत सत्तरीतले आईवडील आणि लहान मुलगी. दिवस झेपेल का?

झेपेल. पण चालवणाऱ्याला काय झेपतं यावर दिवस आखू नका, मागच्या सीटवर बसणाऱ्यांना काय झेपतं ते बघून आखा. तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत कोथरूडहून निघायचंय, आईवडील सत्तरीचे आहेत आणि मुलीला घाटात उलट्या होतात. याच रस्त्याने आम्ही सासूबाईंना घेऊन गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीपर्यंत मोठा हायवे, तिथून डावीकडे गदग, कोप्पळ आणि हंपीच्या अलीकडचं होस्पेट. पहाटे ५ ला निघालात तरी थांबे धरून संध्याकाळचे ६-७ वाजतात. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी निघणार असाल तर साडेचारला घर सोडा, नाहीतर नवले पूल, खेड शिवापूरचा टोल आणि खंबाटकी इथेच सकाळ जाईल.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. आई पाणी पिते का, याकडे लक्ष ठेवा. या वयाच्या बायका प्रवासाच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. रस्त्यात स्वच्छतागृह कसं असेल याची धास्ती असते, आणि ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ हा संकोच त्याहून मोठा असतो. मग दुपारी डोकं धरतं, पायात गोळे येतात, आणि घरी आल्यावर लघवीला जळजळ. सासूबाईंचं दर प्रवासात हेच व्हायचं आणि त्या कधी बोलल्या नाहीत. ते कळलं तेव्हा फार वाईट वाटलं मला. म्हणून सांगते, ‘थांबायचंय का?’ असं विचारूच नका, उत्तर ‘नको’ असंच येणार. दर दोन तासांनी गाडी थांबणार आणि सगळे उतरणार, हे निघायच्या आधीच जाहीर करून टाका, म्हणजे कुणाला मागावं लागत नाही. आईंचे गुडघे दुखत असतील तर कमोड असलेली जागा बघूनच नाश्त्याचं आणि जेवणाचं हॉटेल निवडा, चव दुसऱ्या नंबरला. पिशवीत टिश्यू, कागदी साबण आणि छोटा टॉवेल हाताशी असू द्या.

वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल, तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारा. प्रवास आहे म्हणून परस्पर चुकवू नका.

पायांना सूज येते ती नुसतं बसून राहिल्याने. चालताना पोटऱ्यांचे स्नायू दाबले जातात आणि पायातलं रक्त वर ढकललं जातं, बसून राहिलं की ते काम थांबतं. त्यामुळे थांब्यावर चहाच्या टेबलाशी जाऊन बसण्याआधी पाच मिनिटं चाला. गाडीत अधूनमधून चवडे आणि टाचा वर-खाली करायला सांगा. आईंचे पाय खाली टेकत नसतील तर पायाखाली एखादी बॅग सरकवा, मांड्यांवरचा दाब कमी होतो.

मुलीसाठी लक्षात ठेवा, पुण्याहून जाताना खंबाटकीचा घाट लागतो, जुना बोगदा फक्त परत येताना मिळतो. घाट पहिल्या दीड-दोन तासांत येतो, म्हणून निघताना दूध देऊ नका. कोरडी पोळी किंवा खाकरा पुरे. नाश्ता घाट उतरल्यावर, भुईंज-साताऱ्याकडे. मळमळ होते कारण कानाला हालचाल जाणवते आणि मोबाइलमध्ये अडकलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. तेव्हा मोबाइल बंद, आणि समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल असं बसवा. उलटीची गोळी द्यायची असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून घाटाच्या पुरेशी आधी, कारण मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. पुढे निपाणीनंतर तवंदीचा छोटा घाट आहे, बाकी रस्ता बऱ्यापैकी सरळ.

जेवण बेळगावला, हलकं. दुपारी २ ते ४ या वेळात शरीराला आपोआप झोप येते, जेवण कितीही कमी केलं तरी, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही हुबळी-गदगच्या टप्प्यात असाल. दुसरं कुणी चालवणारं असेल तर तिथे अदलाबदल करा. नसेल तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपा. चहावर भागवू नका, ही माझी खरंच कळकळीची विनंती आहे.

गदगच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवर लक्कुंडी लागतं. तिथे थांबाच. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली मंदिरं, पायऱ्यांच्या विहिरी आणि अत्तिमब्बे या दानशूर जैन स्त्रीने इ.स. १००७ च्या सुमारास बांधवून घेतलेलं जैन मंदिर आहे. तिथल्या काशीविश्वेश्वर मंदिराच्या दारावरचं कोरीवकाम जवळून बघा. सगळं गाव फिरायची गरज नाही, अर्धा तास दिलात तरी आखडलेलं अंग मोकळं होतं आणि दिवस नुसता रस्त्याचा राहत नाही. तिथून होस्पेट दीडेक तासावर.

पहिली रात्र होस्पेटलाच काढा. तुंगभद्रा नदीपलीकडे आनेगुंदीला खोली घेतली असेल तर अंधारात वळसा घालून जावं लागेल, थकलेल्या माणसांना ते नको. हंपीतल्या विरूपाक्षाचं दर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्यांची झोप झाल्यावर. आणि शक्य असेल तर परतीचे दोन दिवस करा, मधला मुक्काम बदामीला.