ओरिएंटेशन: तोंड कुणीकडे?

प्रश्न असा आहे: नव्या विद्यार्थ्यांचं ओरिएंटेशन, मोबाइलच्या पडद्याचं ओरिएंटेशन आणि सेक्शुअल ओरिएंटेशन, या तिन्ही ठिकाणी 'अभिमुखता' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. पण आधी या शब्दाचं मूळ सांगायलाच हवं, इतकं ते देखणं आहे. लॅटिनमध्ये 'ओरिएन्स' म्हणजे उगवणारा. त्यावरून उगवता सूर्य आणि पूर्व दिशा. फ्रेंचमध्ये त्यावरून क्रियापद झालं: पूर्वेकडे तोंड करणं. मध्ययुगीन युरोपातल्या कितीतरी नकाशांत पूर्व वरच्या बाजूला असे. इ.स. १३०० च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या हेरफर्डचा जगाचा नकाशा तसाच आहे.

आता उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर पूर्व. पाठीशी पश्चिम. उजवा हात पसरलात की दक्षिण; संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवाही, म्हणून तर देव उजव्या हाताला ठेवून घालायची ती प्रदक्षिणा. या नावांमागे पूर्वेकडे तोंड करून उभा असलेला माणूस आहे. ओरिएंटेशनची कल्पना आपल्या भाषेत अशी मुरलेली आहे. एकाच शब्दात ती मावत नाही, इतकंच.

तेव्हा दर वेळी विचारावं, कशाचं तोंड कशाकडे? इमारत पूर्वाभिमुख, प्रशासन लोकाभिमुख. तिथे 'अभिमुख' चपखल बसतो. पडद्याला मात्र उभा-आडवा पुरे. नव्या विद्यार्थ्यांसाठी 'उद्बोधन वर्ग' रूढ आहे, पण त्यात उपदेशाचा सूर लागतो; वर्ग कुठे, ग्रंथालय कुठे, अडलं तर कुणाला विचारायचं हे सांगायचं असेल तर 'परिचय सत्र' बरं. सेक्शुअल ओरिएंटेशनला 'लैंगिक कल' म्हणावं. 'आवड' कटाक्षाने टाळावी, कारण आवड म्हटलं की ती निवडल्यासारखी वाटते.

एक अर्थ तुम्ही विचारला नाहीत. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, समोर कोण बसलंय, असं डॉक्टर रुग्णाला विचारतात तेव्हा तेही ओरिएंटेशनच तपासत असतात. तिथे मराठीत 'भान' आहे: स्थळाचं, काळाचं, माणसांचं. आणि ते हरपलेल्यासाठी 'दिङ्मूढ'. आज तो आपण 'थक्क' या अर्थाने वापरतो, पण फोड करून पाहा: दिक् म्हणजे दिशा, मूढ म्हणजे गोंधळलेला.