छोट्या युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल घेतलं, चुकलं का?

प्रश्न: सर, मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची युनिव्हर्सिटी अगदी लहान, वर्गात आम्ही 22 जण, लेथ (धातू कातायची यंत्रं) चारच आणि त्यातला एक कायम बंद, विंड टनेल तर फोटोतच बघितलंय. मोठ्या ठिकाणचे मित्र रेसकारचे फोटो टाकतात आणि मी इथे बेंडिंग मोमेंटचे, म्हणजे वजनाने दांडा कुठे किती वाकवला जातो त्याचे, डायग्राम काढत बसलोय. युनिव्हर्सिटी बदलू का? की सॉफ्टवेअरचे कोर्स केले तर भरून निघेल? – एक वाचक

उत्तर: अरे, आधी त्या रेसकारचं बोलू. फॉर्म्युला एसएई ही विद्यार्थ्यांची स्पर्धा 1981 पासून चालू आहे, चांगलीच आहे, पण तिथे नुसती गाडी पळवून भागत नाही, डिझाइन आणि खर्चाचा हिशोब यांनाही मार्क असतात, आणि मोठ्या टीममधल्या एखाद्याने वर्षभर फक्त ब्रेकचं पेडल केलेलं असतं. ते फोटोत दिसत नाही.

आता तुझे तीन चालू लेथ आणि 22 जण. म्हणजे सात-आठ जणांत एक लेथ, बऱ्याच मोठ्या ठिकाणी हे नशीब नसतं, तिथे एक जण चालवतो आणि बाकीचे मागून माना उंच करून बघतात. लेथवर हात बसायला तास लागतात. टूलचं टोक सेंटरला नसेल तर फेसिंग केल्यावर, म्हणजे जॉबचं (कातायच्या तुकड्याचं) तोंड सपाट कातल्यावर, मधोमध बारीकसं बोंड राहतं, हे पुस्तकात वाचून कोणाच्या लक्षात राहत नाही, स्वतःच्या जॉबवर एकदा दिसलं की जन्मभर राहतं.

आणि त्या डायग्रामला नावं ठेवू नकोस. स्टीलची एक पट्टी घे, 25 मिलिमीटर रुंद, 3 जाड, एक टोक व्हाइसमध्ये घट्ट पकड आणि 300 मिलिमीटर बाहेर ठेव, टोकाला अर्धा किलोचं वजन टांग. पीएल क्यूब भागिले थ्री ईआय लावलंस (पी म्हणजे वजनाचा जोर, एल बाहेरची लांबी, आय पट्टीच्या रुंदी-जाडीवरून येतो, आणि ई म्हणजे स्टीलचा ताठपणा, तो 200 गिगापास्कल धर) तर टोक जवळपास 4 मिलिमीटर खाली यायला हवं. जाडी 6 केलीस तर अर्धाच मिलिमीटर, कारण जाडीचा घन लागतो. आता मोजून बघ, बहुतेक थोडं जास्तच भरेल. का? व्हाइसची पकड जराशी देते, सूत्र मात्र भिंत पक्की धरून चालतं. पट्टीची खरी जाडीही मायक्रोमीटरने बघ, 3 म्हणून आणलेली 2.9 निघाली तर फरक दहा टक्क्यांवर जातो. हे एवढं केलंस ना, की मग सॉफ्टवेअर शिक. फ्रीकॅड (डिझाइनचं) आणि कॅल्क्युलिक्स (वाकणं, ताण काढायचं) फुकट आहेत, तीच पट्टी त्यात टाक, मेश, म्हणजे हिशोबासाठी पट्टीचे पाडलेले तुकडे, बारीक करत जा आणि उत्तर कुठे स्थिर होतं ते बघ. नुसते रंगीत चित्रांचे कोर्स केलेस तर स्क्रीनवर 40 मिलिमीटर आलं तरी तुला शंका यायची नाही.

लहान जागेचं नुकसानही आहे, ते लपवत नाही. इलेक्टिव्ह मोजकेच, एखादे सर सोडून गेले की विषयच बंद, आणि कंपन्या आपण होऊन येत नाहीत, त्यांना पत्रं तुलाच लिहावी लागतील, इंटर्नशिपसाठी आत्तापासूनच. बदली फक्त डिग्रीला ॲक्रेडिटेशन (दर्जाची अधिकृत मान्यता) नसेल तर गंभीरपणे घे, आणि पुढे बाहेरच्या देशात जायचं असेल तर ते वॉशिंग्टन ॲकॉर्डमध्ये बसतं का तेही विचारून ठेव, देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्यांची मान्यता धरायची, असा हा करार 1989 चा. फोटोंसाठी बदली नको.

आणि तो बंद लेथ. काय बिघडलंय ते कोणी विचारलंय का कधी? वर्कशॉपच्या मामांना विचार, ते समोर असताना, मेन स्विच बंद करून, हेडस्टॉकचं (लेथच्या गिअर असलेल्या भागाचं) झाकण उघडायला मिळतंय का बघ. मिळालं तर गिअर मोजून मला लिहून पाठव.