रायझोबियम अन् ट्रायकोडर्मा, दोन्ही जिवाणूच का?

प्रश्न: नमस्कार. आमचं वावर दारव्ह्याकडं आहे, तूर अन् सोयाबीन असते. कृषी केंद्रवाल्यानं बीजप्रक्रियेसाठी दोन पाकिटं देल्ली, एक रायझोबियमचं, एक ट्रायकोडर्माचं, अन् म्हणे दोन्ही जिवाणूच आहेत. पोरगी अकरावी सायन्सले आहे, ते म्हणते बाबा एक प्रोकॅरिओट आहे अन् दुसरा युकॅरिओट. मले काही उमजलं नाही. याच्यानं वावरात काही फरक पडते काय?

उत्तर: भाऊ, पोरीचं बरोबर आहे, अन् फरक पडतो, चांगलाच पडतो.

आधी सारखं काय ते बघा. बाहेरून पातळ पटल, आत पेशीद्रव्य, प्रथिनं बनवणारे रायबोसोम आणि डीएनए, एवढं तर प्रत्येक पेशीत असतंच, रायझोबियम असो, तूर असो नाहीतर आपण. पण रायझोबियमचा डीएनए पेशीद्रव्यातच पडलेला असतो, त्याच्याभोवती पडदा नाही, म्हणून ती प्रोकॅरिओटिक म्हणजे आदिकेंद्रकी पेशी. ट्रायकोडर्मा ही मुळात बुरशी आहे, रोगाच्या बुरशीला आवरणारी, जिवाणू नाहीच. तिचा डीएनए केंद्रकात, दुहेरी पटलाच्या आत असतो, शिवाय ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका, प्रथिनं वगैरे बनवून पुढं नेणारी आंतर्द्रव्यजालिका, साठवणीच्या पिशव्या म्हणजे रिक्तिका असे पटलवाले पेशीतले छोटे अवयव, म्हणजे अंगकं, असतात, ती युकॅरिओटिक म्हणजे दृश्यकेंद्रकी पेशी. जिवाणू साधारण 1 ते 5 मायक्रोमीटरचा, दृश्यकेंद्रकी पेशी बहुतेक 10 ते 100 च्या घरात. पोरीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक असेलच, कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून बघायला सांगा, प्रत्येक पेशीत एक गडद ठिपका दिसतो, तेच केंद्रक. दह्यातले जिवाणू तिथंच बघितले तर नुसत्या बारीक काड्या अन् मणी, आत काहीच ओळखू येत नाही.

आता वावरात या. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक बुरशीच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं, त्यामुळं पेशीचं विभाजन अडतं. ट्रायकोडर्माही बुरशीच, मग ज्या बियाण्याला कार्बेन्डाझिम चोळलं त्यालाच ट्रायकोडर्मा लावला तर पैसे मातीत गेले म्हणून समजा, कारण औषधाला रोगाची बुरशी अन् कामाची बुरशी यातला भेद कळत नाही. जिवाणूच्या पेशीत ते लक्ष्यच नाही. म्हणून रायझोबियम सगळ्याच औषधांत तगतं असं मात्र धरू नका, थायरम, मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशकं पेशीत एकाच ठिकाणी नाही तर अनेक ठिकाणी मार करतात, त्यानं जिवाणूलाही फटका बसू शकतो, तेव्हा रासायनिक औषध आधी, ते सुकू द्यायचं, अन् रायझोबियम सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, सावलीत. उन्हात वाळवत बसाल तर पाकीट घेतलं काय अन् नाही घेतलं काय.

उलट बाजूनंही तसंच. स्ट्रेप्टोमायसिनसारखं अँटिबायोटिक जिवाणूच्या रायबोसोमवर काम करतं, जिवाणूचे रायबोसोम 70 एस प्रकारचे म्हणजे लहान अन् आपल्या पेशीद्रव्यातले 80 एस म्हणजे मोठे, या फरकामुळंच ते औषध माणसाला देता येतं. पण तुरीची मर बुरशीमुळं होते, तिच्यावर असलं औषध मारून काही होत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. सोयाबीन महिना-सव्वा महिन्याचं झालं की एक झाड हलक्या हातानं मुळासकट खणून काढा, ओढू नका, ओढलं तर गाठी जमिनीतच राहतात. मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर रायझोबियम हवेतला नत्र धरतंय, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनाचा. हिरवट किंवा राखाडी असेल तर काम बंद पडलेलं. त्या गुलाबी भागातल्या झाडाच्या एकेका पेशीत हजारो रायझोबियम राहतात, म्हणजे मोठ्या दृश्यकेंद्रकी पेशीच्या पोटात आदिकेंद्रकी पेशी, झाड त्यांना साखर देतं अन् ते झाडाला नत्र. आपल्या पेशीतल्या तंतुकणिकाही फार पूर्वी अशाच आत शिरून राहिलेल्या जिवाणूंपासून आल्या, लिन मार्ग्युलिस या शास्त्रज्ञ बाईंनी 1967 साली हे नेटानं मांडलं तेव्हा फारसं कोणी मानायला तयार नव्हतं. तंतुकणिकेत आजही स्वतःचा वेगळा डीएनए आहे, रायबोसोम जिवाणूच्या वळणाचे आहेत, अन् ती जिवाणूसारखीच दुभंगून वाढते. पोरीला हे नक्की सांगा, गाठ हातात असताना सांगा.

प्रश्न: मग सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक रोग कशात मोडतो, जिवाणूत का बुरशीत? (पुसद)

उत्तर: दोन्हीत नाही ताई. तो विषाणू, त्याला पेशीच नाही, पटल नाही, रायबोसोम नाहीत, झाडाच्या पेशीत शिरून तिचंच सगळं वापरतो. त्यामुळं बुरशीनाशकही चालत नाही अन् अँटिबायोटिकही. तो पसरवते पांढरी माशी, तेव्हा पिवळी झाडं दिसली की लगेच उपटून नष्ट करा अन् माशीवर लक्ष ठेवा, पिवळे चिकट सापळे लावले तर माशी आली की नाही ते लवकर कळतं.